लाल पेनाला शनिवारची सुट्टी

मुलुंडमध्ये छापलेला, रंगवलेला किंवा नुसता खडूने लिहिलेला असा एकही मराठी शब्द नसेल, जो आमच्या समोरच्या काकांच्या नजरेखालून गेला नाही. स्टेशनपासून आमच्या गल्लीपर्यंत ते चालत यायचे आणि त्या पंधरा मिनिटांत दुकानांच्या पाट्या, खांबांवरचे फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर, रिक्षांच्या पाठीवरचे सुविचार, इतकंच काय, भाजीच्या गाडीवर पुठ्ठ्यावर लिहिलेलं 'ताजि मेथी'सुद्धा तपासून व्हायचं. लोक शर्टाच्या खिशात चष्मा ठेवतात, गोळ्या ठेवतात. काका लाल पेन ठेवायचे, आणि ते मध्येच संपलं तर काय म्हणून पँटच्या खिशात आणखी एक. त्यांनी 'ताजि'ची वेलांटी दुरुस्त केली तेव्हा मेथीवालीला वाटलं, हा म्हातारा महापालिकेचा माणूस आहे आणि आता आपली गाडी उचलणार. तिने घाबरून एक जुडी त्यांच्या पिशवीत कोंबली. काकांनी ती परत ठेवली आणि म्हणाले, "मेथीत काही दोष नाही. वेलांटीत होता."

नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी नवी पाटी लावली, 'दंततज्ञ'. दुसऱ्या दिवशी काका आपला नंबर लावून, बाकी पेशंटांबरोबर तासभर बसून, आत गेले आणि खुर्चीत आडवे होऊन दात दाखवायच्या ऐवजी विचारते झाले, "डॉक्टर, दाढ काढता काढता अर्धा 'ज'पण काढलात का?" डॉक्टरांना 'तज्ज्ञ' हा शब्द असा असतो हे तेव्हा कळलं. पाटी बदलली. त्यापुढच्या गल्लीतल्या 'उपहारगृहा'च्या मालकाला त्यांनी सलग चार वर्षं समजावलं की बाबा रे, उपहार म्हणजे भेटवस्तू, तुला 'उपाहार' म्हणायचं आहे. मालक म्हणायचा, "काका, एका कान्यासाठी पेंटरला परत कुठे बोलावू?" शेवटी काका तिथे गेले, मिसळ खाल्ली, हात धुतले आणि पैसे न देता शांतपणे दाराकडे चालायला लागले. मालकाने हाक मारली तर म्हणाले, "भेटवस्तू म्हणून पाटी लावली आहेस ना? मी भेट स्वीकारली." तो काना आजही बाकीच्या अक्षरांपेक्षा वेगळ्या रंगात आहे.

माझी त्यांच्याशी ओळख अशीच झाली, आणि ती माझ्या दृष्टीने फारशी मानाची नाही. वीस वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्या बंगलीसमोरच्या सोसायटीत राहायला आलो आणि वास्तुशांतीचं छापील निमंत्रण घेऊन मी मोठ्या उत्साहाने समोर गेले. संध्याकाळी काका ते कार्ड घेऊन परत आले. 'आर्शिवाद'वर लाल गोल, 'हार्दीक'वर लाल गोल, आणि समासात दोन अशा खुणा की मला त्या ओळखता येईनात. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "शाळेत शिकवते." "कुठला विषय?" मी इकडेतिकडे बघितलं. खोटं बोलावं असं फार वाटलं. "मराठी," मी म्हणाले. काकांनी लाल पेनाला टोपण लावलं. मग अगदी हळुवारपणे, जणू माझ्या घरी काही वाईट घडलं असावं अशा आवाजात म्हणाले, "असू दे. छापखान्याची चूक असेल." तेव्हापासून ते मला 'बाई' म्हणायला लागले. वयाने मी त्यांना मुलगी शोभेन एवढी, पण बाई आणि तुम्ही. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कधीच नीट कळलं नाही.

काका चाळीस वर्षं घाटकोपरच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायच्या आधीचा मजकूर वाचून त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. आणि ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आडनाव आपल्यासारखंच गावावरून आलेलं आणि शेवटी 'कर' असलेलं, त्यामुळे कुरियरवाल्यांचा गोंधळ व्हायचा. "काका, तुम्ही कोकणातले का ज्यू?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "हो." दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला एक बोटभर लांबीची तिरकी नळी ठोकलेली होती. तिला मेझुझा म्हणतात आणि तिच्या आत प्रार्थनेचा कागद असतो. दर दोन दिवसांनी कुणीतरी ती बेल समजून दाबायचं आणि वाजत नाही म्हणून आणखी जोरात दाबायचं. काकांनी शेवटी शेजारी एक कागद चिकटवला, 'ही घंटी नव्हे. घंटी डावीकडे. तीही बिघडली आहे. कृपया हाक मारावी.' त्या कागदात अर्थातच एकही चूक नव्हती.

लहानपणी वडिलांनी त्यांना याच घरात हिब्रू शिकवली होती, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. छापखान्यात काका मराठीही तशीच तपासायचे, शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दाकडे. "डावीकडून वाचलं की अर्थ लागतो, बाई," ते मला सांगायचे, "आणि अर्थ लागला की माणूस चूक बघायचं सोडून देतो." मी दहावीच्या वह्या असं तपासायचा एकदा प्रयत्न केला. तिसऱ्या वहीला डोकं दुखायला लागलं. पण काकांनी या पद्धतीने एकदा एका पंचांगातली एकादशी वाचवली होती. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ती एक दिवस आधी टाकली होती आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती. "मी स्वतः एकादशी धरत नाही," काका सांगायचे, "पण माझ्यामुळे कुणी चुकीच्या दिवशी उपाशी राहू नये."

मात्र या लाल पेनाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असायची. शुक्रवारी सूर्य मावळला की ते पेन टोपण लावून कपाटात जायचं ते शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत. शनिवारी काम करायचं नाही, आणि लिहिणं हे काम. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. काका म्हणायचे, "आमचे बैल सुटले, पण शनिवार सुटला नाही." वाचायला मात्र बंदी नव्हती, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. शनिवारी काकांना चूक दिसायची, पण तिला हात लावता यायचा नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी हे ओळखून होते. त्यांची प्रत्येक सूचना शनिवारी सकाळी फाटकावर लागायची. 'पाण्याची टाकि साफ करन्यात येणार असुन रहिवाश्यांनी सहकार्य करावे ही विनंति.' काका फाटकासमोर हात मागे बांधून उभे राहायचे, चेहरा लाल व्हायचा, ओठ हलायचे, आणि मग ते पाठ फिरवून निघून जायचे. सेक्रेटरी गॅलरीतून बघत चहा प्यायचे. रविवारी सकाळी सहाला त्या सूचनेवर इतकी लाल शाई असायची की टाकी नेमकी कधी साफ होणार हे वाचताच यायचं नाही.

काकांचं लग्न झालं नाही. तरुणपणी एक स्थळ आलं होतं आणि मुलीने स्वतः पत्र लिहिलं होतं अशी गोष्ट सांगतात. काकांनी उत्तरासोबत तिचं पत्र दुरुस्त करून परत पाठवलं. मुलीने पुढे काही कळवलं नाही. मी एकदा धीर करून खरंखोटं विचारलं तर म्हणाले, "पत्र छान होतं हो. फक्त अनुस्वारांचा सुकाळ होता." एके काळी त्या बंगलीत चौदा माणसं राहायची. आजोबांनी बांधलेल्या तीन खोल्या, कौलारू पडवी, मागे विहीर. काही इथेच वारली, बाकीची एकेक करून इस्राएलला गेली. काका तेवढे राहिले, आणि तिकडे राहिली त्यांची थोरली बहीण, जिला ते माई म्हणत. माई दर महिन्याला हाताने मराठीत पत्र लिहायची आणि काका ते तपासून, उत्तरासह, परत पाठवायचे. फोन होता, पण फोनवर लाल शाई चालत नाही अशी त्यांची तक्रार होती. गेली पाच-सहा वर्षं माईच्या प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच असायची, 'आता कायमचा इकडे ये.' काका सगळं पत्र लाल करायचे, पण त्या ओळीपाशी थांबायचे. "या वाक्यात चूक नाही, त्यामुळे मला त्यात काही करण्यासारखं नाही," असं ते म्हणायचे, आणि आम्ही गल्लीतले लोक एक महिना आणखी मिळाला म्हणून सुटकेचा श्वास टाकायचो. काका नसलेली गल्ली ही कल्पनाच आम्हाला करवत नव्हती, सेक्रेटरींनासुद्धा.

अशात गेल्या वर्षी बोरिवलीहून एक मुलगी आली. बारीक, केस मुलांसारखे कापलेले, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी. ती चित्रकार होती आणि तिच्यासारख्याच सात-आठ कलावंतांना घेऊन तिला काकांच्या घरात प्रदर्शन भरवायचं होतं. तिने रीतसर मराठीत विनंतीपत्र आणलं होतं. काकांनी ते वाचलं, तीन चुका काढल्या आणि परत दिलं. आम्हाला वाटलं झालं, आता ही कसली येतेय. पण दोन दिवसांनी ती पत्र पुन्हा लिहून घेऊन आली. काका इतके हरखले की त्यांनी मला हाक मारून बोलावलं. "बाई, चाळीस वर्षांच्या नोकरीत दुरुस्ती करून स्वतःहून परत आलेलं हे पहिलं माणूस," ते म्हणाले आणि त्यांनी होकार दिला.

"पण तुम्ही करणार काय?" त्यांनी तिला विचारलं.

"काका, आम्ही या घराला प्रतिसाद देणार."

"साद कुणी घातली?"

"म्हणजे?"

"साद घातल्यावर प्रतिसाद देतात. घराने हाक मारली होती का तुला?"

मुलगी जराशी गडबडली, मग हसली. "मारली ना, काका. खरंच मारली. मी गेटवरनं चालले होते आणि तो घंटीचा कागद वाचला. मग मला आत बघितल्याशिवाय राहवेना यार."

काकांना हे उत्तर आवडलं. 'यार'कडे त्यांनी दुर्लक्ष केलं, आणि ते असं दुर्लक्ष करू शकतात हे मला तेव्हाच समजलं.

पुढचा महिनाभर समोर जो काही धिंगाणा चालला होता त्याची आम्हाला सोसायटीच्या गॅलरीत बसून फुकट मजा मिळाली. साकीनाक्याहून एक वेल्डिंग करणारा कलावंत टेम्पो घेऊन आला आणि त्याने पडवीत पत्र्याच्या चाळीस सुटकेसची उतरंड रचली. तिचं नाव 'स्थलांतर'. काकांनी ती चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "काम सुबक आहे. पण आमच्याकडून सुटकेस घेऊन कुणीच गेलं नाही. वळकट्या होत्या, आणि लोणच्याच्या बरण्या." तो बिचारा रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी पत्र्याची एक बरणीही करून घेऊन आला. दुसऱ्या एकाला घरातलं मौन ध्वनिमुद्रित करायचं होतं. तो मधल्या खोलीत माइक लावून बसला. पहिल्या दिवशी कुकरच्या चार शिट्ट्या आल्या. दुसऱ्या दिवशी काकांच्या पाढे म्हटल्यासारख्या ओळीने शिंका आल्या. तिसऱ्या दिवशी कुरियरवाला मेझुझा दाबून "कोई है क्या?" म्हणून ओरडला. तो कलावंत रडकुंडीला आला. "काका, या घरात शांतता कधी असते?" त्याने विचारलं. "चौदा माणसं होती तेव्हापासून वाट बघतोय," काका म्हणाले.

खरा प्रसंग खुर्चीवरून झाला. मधल्या खोलीत भिंतीला लागून एक उंच पाठीची शिसवी खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही असा त्या घरातला रिवाज. त्यांच्यात मुलाची सुंता करताना एलियाहू हन्नाबी या पैगंबरासाठी एक खुर्ची मांडतात. आजोबांनी घरातल्या पहिल्या मुलाच्या वेळी ही करून घेतली आणि नंतर ती हलवलीच नाही. एका कलावंत मुलीने त्या खुर्चीभोवती पांढरी दोरी बांधली, वरून एक दिवा सोडला आणि खाली चिठ्ठी लावली, 'अनुपस्थिती'. काकांनी चिठ्ठी वाचली. शुद्धलेखन बरोबर होतं. तरी ते तिथून हलेनात.

"हा शब्द बदल गं पोरी," ते म्हणाले.

"का काका? चुकलाय?"

"अनुपस्थिती म्हणजे हजेरीपटावर फुली. विचार या बाईंना. एलियाहूंचं तसं नाही. ते यायचे आहेत."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, दुसरं काय करणार? तिने चिठ्ठी काढली आणि नवी लिहिली, 'यायचे आहेत'. काकांनी तिला मलिदा खायला घातला. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं-वेलची घातलेले गोड पोहे, जे ते लोक याच एलियाहूच्या नावाने करतात.

हे सगळं कौतुकाचं चाललं होतं, पण माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली होती आणि ती मला टोचत होती. ही मुलं गुणी होती, काकांवर त्यांचा जीव जडला होता, पण त्यांची सगळी कला गेलेल्या माणसांबद्दल होती. सुटकेस, मौन, रिकामी खुर्ची. आणि या सगळ्याच्या मधोमध काका लेंग्यावर हातात दुधाची पिशवी घेऊन फिरत होते. तिकडून माई बोलावत होती, इकडे घर त्यांना आधीच निरोप देऊन बसलं होतं. त्यांना हे जाणवत असेल का, हे मी विचारलं नाही.

प्रदर्शनाचं उद्घाटन शनिवारी ठेवलं होतं, लोकांना सोयीचं म्हणून. "शनिवारी माझ्याकडून काडीची मदत होणार नाही," काकांनी आधीच सांगितलं होतं, आणि बोरिवलीची मुलगी म्हणाली होती, "चिल काका, तुम्हाला काही करायचंच नाहीये." शनिवारी दुपारी चारला मी गेले तर दारातच, भिंतीवर पुरुषभर उंचीचा नवा फलक, सुंदर काळ्या अक्षरांत, 'या घरात एक बेने इस्राएल कुटुंब राहत असे.' आणि त्याच्यासमोर काका, हात मागे बांधून.

"बाई," ते म्हणाले, "हे वाचलंत?"

"वाचलं."

"राहत असे."

मुलगी धावत आली. तिला तिची चूक कळत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ तिने तीन जणांकडून तपासून घेतलं होतं. "काका, कुटुंब म्हणजे अख्खी फॅमिली ना, म्हणून तसं लिहिलं. तुम्ही तर एकटे आहात..."

"एकटा माणूस एकवचन असतो," काका म्हणाले. "भूतकाळ नसतो."

मुलीचा चेहरा पडला. ती म्हणाली, मी आत्ता बदलते, लगेच बदलते. पण तेवढ्यात पाहुणे आत शिरले, कुणी तिला ओढून नेलं, कुणी भाषण सुरू केलं. काकांचं पेन कपाटात होतं आणि शनिवार अजून अडीच-तीन तास शिल्लक होता. ते मला "तुम्ही करा" असं सांगूही शकत नव्हते, कारण स्वतः करायचं नाही ते दुसऱ्याकडून करवून घ्यायचं नाही, असाही नियम. ते फक्त म्हणाले, "मी काही सांगत नाहीये. पण तुम्ही मराठीच्या बाई आहात." माझ्या पर्समध्ये पेन होतं. पण एवढ्या लोकांसमोर भिंतीवरच्या कलेवर रेघ मारायची? माझी छाती झाली नाही. आजही त्याची मला लाज वाटते.

मग काका अंगणात जाऊन आकाशाकडे बघत उभे राहिले. मुलुंडच्या आकाशात तीन चांदण्या शोधणं म्हणजे चेष्टा नाही. एकीकडे टॉवरचे दिवे, एकीकडे धूळ. गल्लीतली माणसं गोळा झाली. दातांचे डॉक्टर आले. कुणीतरी ओरडलं, "ती बघा एक!" ते विमान निघालं. दुसरा निघाला क्रेनच्या टोकाचा दिवा. सेक्रेटरी आमच्या गच्चीवर चढले आणि तिथून ओरडून सांगायला लागले, "काका, डोंगराच्या बाजूला एक पक्की! पाण्याच्या टाकीच्या वर दुसरी!" तिसरीसाठी सगळी गल्ली मान वर करून उभी होती. आणि जेव्हा ती दिसली, तेव्हा काका घाई न करता आत गेले, आधी शनिवारची सांगता करायची प्रार्थना पुटपुटले, मग कपाट उघडून पेन घेतलं आणि पाहुण्यांच्या गर्दीतून वाट काढत फलकापाशी आले. 'असे'वर त्यांनी एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आहे'. समासात त्यांची ती खूण केली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा प्रदर्शनाचाच भाग आहे. एका गृहस्थांनी मला विचारलं, "हे कलाकार कोण? फार ताकदीचं काम आहे." मी म्हटलं, ते इथे राहतात. बोरिवलीची मुलगी कोपऱ्यात उभी राहून हसत होती आणि रडतही होती. तिने तो फलक पुढचे पंधरा दिवस तसाच ठेवला. लोक मुलुंडला खास तेवढ्यासाठी यायचे. काका त्यांना घर दाखवायचे, आणि आलेल्यांच्या अभिप्रायाची वही संध्याकाळी तपासून ठेवायचे. आम्हाला वाटलं, जिंकलो. आता कुठले काका जातात.

प्रदर्शन संपायच्या आदल्या दिवशी काका आमच्याकडे आले. हातात माईचं पत्र. नेहमीसारखं ते मला चुकांची गंमत दाखवायला आले असतील म्हणून मी पुढे झाले, तर पत्रावर लाल शाईचा ठिपका नव्हता. चुका मात्र मलाही दिसत होत्या, ओळीओळीला. 'आई बरि आहे. रोज ओट्यावर बसते. तुझी आठवन काढते, मी तीला सांगते तो येतोय.' त्यांची आई याच बंगलीत वारली, त्याला तीस वर्षं झाली होती.

"वाचलंत?" काकांनी विचारलं.

"हो."

"'आहे'चं 'होती' करायचं, एवढंच काम होतं. पेन उघडून बसलो होतो, बाई. हात चालला नाही."

मी चहा ठेवू का, एवढं विचारलं. ते नको म्हणाले.

"तिकडे तिचे सगळे हिब्रूत बोलतात," काका म्हणाले. "आई ओट्यावर बसलीय असं ती मराठीत म्हणत असणार. तिला मराठीत 'हो' म्हणायला कुणी पाहिजे ना."

त्यानंतर कागदपत्रांत सात महिने गेले. टीव्हीवर रोज तिकडच्या बातम्या दिसत होत्या आणि आम्ही काकांना घाबरवायचा आमच्याकडून पुष्कळ प्रयत्न केला. सेक्रेटरींनी सांगितलं, काका, तिकडे सायरन वाजतात. काका म्हणाले, "माझी घंटी वाजत नाही, त्यापेक्षा बरं." त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली, पुढचं काय ते मागाहून तिकडच्या नातेवाइकांना विचारून ठरणार होतं. निघायच्या आधी त्यांनी प्रवास सुखाचा व्हावा म्हणून मलिदा केला आणि गल्लीत घरोघर वाटला.

रविवारी सकाळी टॅक्सी आली. एक सुटकेस, एक पिशवी, बस. सगळी गल्ली फाटकाशी उभी होती. डॉक्टर उगाच टॅक्सीच्या डिकीचं झाकण दोनदा लावून बघत होते. काकांनी एकेकाला नमस्कार केला. माझ्यापाशी आले तेव्हा मी ठरवलं होतं की रडायचं नाही, आणि ते मला जमत होतं.

"चला बाई," ते म्हणाले. "जातो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं या माणसाने माझी कार्डं, माझ्या चिठ्ठ्या, माझ्या मुलीची निबंधाची वही, सगळं लाल केलं होतं, आणि मला त्यांची एक चूक सापडली नव्हती.

"काका," मी म्हणाले, "'जातो' नाही म्हणत. 'येतो' म्हणायचं असतं."

ते टॅक्सीच्या दारावर हात ठेवून थांबले. त्यांनी तो शब्द मनात तपासून पाहिला असावा, उजवीकडून डावीकडे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी चूक. येतो."

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मला कसंबसं जमलं. नंतर नाही जमलं.